पांढरा, पण कोणता?

फेअरनेस क्रीमच्या जाहिराती बघत मोठी झालेली मुलगी पांढऱ्या रंगावर लिहायला बसली, की तुम्हाला वाटणार, झालं, आता हिचं लेक्चर सुरू! थांबा. माझी गोष्ट एका सापापासून सुरू होते. ती संपते मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरमध्ये, माझ्या मावशीच्या ओट्यावर.

एक्झॉटिक पेट्सवर एक स्टोरी करत होते. त्यासाठी बाणेरच्या एका वन बीएचकेमध्ये गेले. घरमालक आयटीतला, वय तिशीच्या आत, घरात बीन बॅग, प्लेस्टेशन आणि टीव्हीच्या शेजारी काचेच्या दोन पेट्या. दोन्हींत एकेक पांढरा साप. मी दारातच थबकले. आमच्या गावाकडे रात्री सापाचं नावही घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. इथे जनावर हॉलमध्ये आणि माणूस बेडरूममध्ये!

"घाबरू नकोस, बॉल पायथन आहेत," तो म्हणाला. मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर. तीन-चार फुटांचा, बिनविषारी आणि मुलखाचा भित्रा. धोका वाटला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवतो, चेंडूच होतो अक्षरशः. म्हणून नाव बॉल. रानातला रंग काळा-तपकिरी, त्यावर पिवळट ठिपके. पण पाळणाऱ्यांनी गेल्या तीसेक वर्षांत त्याच्या इतक्या रंगछटा काढल्या आहेत की साडीच्या दुकानातलं शेडकार्ड मागे पडावं. या छटांना म्हणतात मॉर्फ. आणि पांढऱ्याचा भाव सगळ्यात जास्त खुणावतो.

त्याने न विचारता कागदही दाखवले. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात परदेशी, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या, प्राण्यांचा समावेश झाला आणि २०२४ च्या नियमांनी ते पाळणाऱ्यांना सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. चोरवाटाही आहेतच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात केक-बिस्किटांच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले होते. आणि हो, आपला देशी अजगर पाळायचा विचारही करू नका. तो शेड्यूल वनमध्ये आहे, वाघाच्या पंक्तीत.

निघताना त्याने एक गुगली टाकली. "हे दोघं पांढरे आहेत ना? यांची जोडी लावली तर पिल्लं कोणत्या रंगाची होतील?"

"पांढरी! यात काय विचारायचं?"

"एकही नाही," तो हसला. "सगळी तपकिरी-पिवळी."

बास. त्या रात्री माझी झोप उडाली.

पेंटर, डबा आणि भिंत

बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकून मी मास कॉम केलं. त्यामुळे जीन्स म्हटलं की आधी लीवाइस आठवते. पण पुढचे दोन आठवडे मी त्या दुसऱ्या जीन्समध्ये, म्हणजे जनुकांमध्ये, बुडाले. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते. सापाची कातडी म्हणजे भिंत समजा. रंगपेशी म्हणजे पेंटर. रंगद्रव्य म्हणजे डब्यातला रंग.

पहिला पांढरा : अल्बिनो. इथे पेंटर हजर आहे, ब्रश हातात आहे, पण काळ्या रंगाचा, म्हणजे मेलॅनिनचा, डबाच रिकामा. पिवळा डबा मात्र शाबूत. म्हणून अल्बिनो बॉल पायथन पूर्ण पांढरा नसतोच, पांढऱ्यावर पिवळी नक्षी असते. डोळे लाल, कारण रंग नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. हा गुण अप्रभावी. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तरच दिसणार. एकच आली तर साप दिसायला चारचौघांसारखा, आतून मात्र वाहक. या वाहकाला पाळणारे 'हेट' म्हणतात.

दुसरा पांढरा : निळ्या डोळ्यांचा ल्युसिस्टिक. हा खरा दुधासारखा. इथे डबे भरलेले असून उपयोग नाही, कारण कातडीपर्यंत पेंटरच पोचलेले नाहीत. त्यासाठी 'लेसर', 'मोहावी', 'बटर' अशा नावांचे मॉर्फ लागतात. हे सगळे एकाच जनुकाचे वेगवेगळे अवतार. एक प्रत असली की साप नुसता फिकट किंवा वेगळ्या नक्षीचा दिसतो. लेसर आणि मोहावीची जोडी लावली की दर अंड्यामागे चारात एक शक्यता पांढऱ्या पिल्लाची. नीट वाचा, शक्यता! मादी साधारण सहा अंडी घालते आणि सहापैकी एकही पांढरं न निघण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास असते. लॉटरीच म्हणा.

तिसरा पांढरा : काळ्या डोळ्यांचा. हा 'फायर' नावाच्या मॉर्फच्या दोन प्रती एकत्र आल्या की होतो. आणि चौथा 'आयव्हरी', 'यलोबेली'च्या दोन प्रतींचा. हस्तिदंती, पाठीवरून पुसट पिवळी रेघ. दिसायला दुसऱ्याचे चुलत भाऊ वाटतात, पण खानदान पार वेगळं.

आता एक मस्त प्रश्न. पेंटरच नाहीत, तर ल्युसिस्टिक सापाचे डोळे लाल का नाहीत? कारण कातडीतल्या रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून चालत चालत अंगभर पसरतात. डोळ्याच्या आतला काळा पडदा मात्र जागच्या जागी, मेंदूच्याच भागातून बनतो. त्याला प्रवास करायचा नसतो. प्रवासी वाटेत हरवले तरी घरचा माणूस घरीच असतो!

आणि पाचवा, माझा लाडका : पाइड. अर्धा साप नेहमीच्या रंगाचा, मध्येच कोरा पांढरा पट्टा, पुन्हा रंग. पेंटरांनी दोन खोल्या रंगवल्या आणि तिसरी सोडून गेले तसा. हाही अप्रभावी गुण. पाळीव पाइडची पहिली पिल्लं १९९७ मध्ये निघाली, अल्बिनोची त्याआधी १९९२ मध्ये, दोन्ही अमेरिकेत.

या सगळ्याचा शोध लावण्याची गोष्ट तर फुल टू फिल्मी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या टीमने सापांना हातही न लावता काम केलं. पाळणाऱ्यांनी पोस्टाने पाठवलेल्या काती तपासल्या. निघालं काय, तर अल्बिनोमध्ये टायरोसिनेजचं जनुक बिघडलेलं आणि 'लॅव्हेंडर अल्बिनो'मध्ये ओसीए-टू नावाचं वेगळंच. माणसांमधल्या अल्बिनिझमच्या दोन प्रकारांत हीच दोन जनुकं असतात. २०२३ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाइडचं मूळ टीएफईसी या जनुकात शोधलं आणि खात्रीसाठी सरड्यात तेच जनुक बंद करून पाहिलं. तिथेही रंगपेशींची दाणादाण उडाली.

म्हणजे बाणेरच्या गुगलीचं उत्तर सोपं. एक साप डबा रिकामा असल्याने पांढरा, दुसरा पेंटर न आल्याने. पिल्लाला पहिल्याकडून पेंटर मिळतात, दुसऱ्याकडून डबा. दोघं मिळून भिंत रंगवून मोकळे! एवढंच काय, साधा अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो यांची जोडी लावली तरी पिल्लं रानातल्या सापासारखी काळी-तपकिरी.

पांढरा हा नुसता दिसणारा रंग. त्यावरून कारण कळत नाही. ही एक ओळ मी वहीत लिहून ठेवली. स्टोरीचा शेवट म्हणून. ती पुढे कुठे कामाला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

६६ टक्क्यांचा हिशेब

या धंद्यात एक शब्द मला जाम खटकला. '६६ टक्के हेट.' समजा, दोन वाहकांची पिल्लं आहेत. चारातलं एक पांढरं होणार. उरलेली तीन दिसायला सारखी, पण त्या तिघांतली दोन वाहक असण्याची शक्यता. तीनात दोन म्हणजे ६६ टक्के. कोणती दोन, ते बघून कळत नाही. तरी त्या कदाचित असलेल्या, न दिसणाऱ्या जनुकाचे वेगळे पैसे लागतात.

पांढऱ्याच्या हौसेला दुसरी बाजूही आहे. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे पांढरा वाघ. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला बाजीराव आठवतोय? २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ रेवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापाशी जाते. मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी लावली गेली, का तर पांढरा रंग हवा होता. त्या एका रंगापायी नात्यातल्या नात्यात पिढ्या वाढल्या. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिलं की वाघाचा तो रंग एसएलसी-४५-ए-टू या जनुकातल्या एका बदलामुळे येतो. बॉल पायथनमध्येही 'स्पायडर' म्हणून एक देखणा मॉर्फ आहे. त्याची मान डुगडुगते, तोल जातो. कारण आतला कान वेडावाकडा घडतो. देखणेपणाचं बिल साप भरतो.

तर हे सगळं डोक्यात, फोटो लॅपटॉपमध्ये, आणि मला आईचा फोन. "नागपूरचं स्थळ आहे. रविवारी बघायला येतायत. ये."

अर्धं काळं, अर्धं पांढरं

राजूर तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. वणीच्या अगदी जवळ. एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. माझ्या लहानपणी दोरीवर वाळत घातलेला शाळेचा शर्ट वारा खाणीकडून असेल तर काळा व्हायचा आणि भट्ट्यांकडून असेल तर वर पांढरी भुकटी बसायची. बाबा खाणीत होते. धुऊन धुऊन आईचे हात दुखायचे.

मावशी आमच्याच घरी राहते. आईची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी तिच्या बोटांवर पहिला पांढरा डाग आला. मग ओठांपाशी, मग डोळ्यांभोवती, मग कोपरापर्यंत. गावाने त्याला नाव दिलं, कोड. ठरलेलं लग्न मोडलं. नंतर कुणी आलं नाही. तिने शिलाई मशीन घेतलं आणि अर्ध्या राजूरचे ब्लाउज शिवले. ज्या बायका तिच्या हातचं पाणी प्यायला कचरायच्या, त्या तिने शिवलेला ब्लाउज मात्र अंगाला लावायच्या. गंमतच आहे!

शनिवारी दुपारी मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले होते. मावशी मागून आली.

"काय पाहून रायली वं?"

"साप, मावशी."

"हे कोनतं जनावर होय माय?" ती वाकली. स्क्रीनवर पाइड होता. तपकिरी, मग पांढरा, मग तपकिरी. ती बराच वेळ बघत राहिली. मग आपला हात त्याच्या शेजारी धरला.

"हा त माह्यासारखा हाये."

मला काय बोलावं सुचेना.

"याले इलाज नाई का?"

"इलाज कशाला? लोक याच्यासाठी पैसे मोजतात, मावशी."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मंग याच्या पिलायले होते का?"

हा प्रश्न सापाबद्दल नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

मी सापापुरतं उत्तर दिलं. पाइड आणि साधा, तर पिल्लं साधी दिसतील, पण सगळी वाहक. पाइड आणि वाहक, तर निम्म्याची शक्यता. चौकोन आखून दाखवला. तिने तो ब्लाउजच्या मापासारखा पटकन समजून घेतला. "अन् माह्यं?"

तिचं वेगळं. वही काढून मी तिला आणि खरं तर स्वतःला समजावलं. पाइड सापात पेंटर त्या भागात पोचलेच नाहीत, जन्मापासूनच. मावशीच्या अंगावर पेंटर आले, त्यांनी भिंत छान रंगवली, बावीस वर्षं सांभाळली. मग शरीराच्या स्वतःच्याच वॉचमनने, म्हणजे प्रतिकारशक्तीने, त्यांना चोर समजून हाकललं. याला डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. तो शिवल्याने होत नाही, पाण्याने होत नाही, पापाने तर नाहीच नाही. मायकेल जॅक्सनला होता. त्याचा स्मृतिदिन, २५ जून, जगभर व्हिटिलिगो दिन म्हणून पाळतात. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने याच विषयावर काम उभं केलं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा सिनेमाही अशाच एका डॉक्टर मुलीचा.

"ते समदं ठीक हाये," मावशी म्हणाली, "पन होते का पोरायले?"

इथे मी अडकले. खोटं बोलता आलं असतं. खरं असं की घराण्याचा थोडा संबंध असतो. पण एक जनुक नाही, लहानमोठी कितीतरी, आणि त्यांच्या जोडीला इतर कारणं. बहुतेक पेशंटांच्या घरात दुसऱ्या कुणालाच डाग नसतात. चौकोन आखून चारात एक, तीनात दोन असं काही सांगता येत नाही. सापाच्या बाबतीत अंडं फुटायच्या आधी टक्केवारी मिळते. मावशीच्या बाबतीत जगातला कुठलाही डॉक्टर तसला चौकोन आखून देणार नाही.

"म्हंजे नक्की सांगता येत नाई," ती म्हणाली. "मंग त्या लोकायनं माह्यं लगन कोन्या हिशोबानं मोडलं?"

रविवार

खरं सांगायचं तर पुढचा भाग लिहायची लाज वाटते. आईने आधीच ठरवलं होतं. पाहुणे येतील तेव्हा मावशी शेजारच्या काकूंकडे बसेल. मी चिडले, म्हटलं, मावशी बसणार नसेल तर मीही बसणार नाही. आई रडायला लागली. मावशीनेच मिटवलं. "तुह्यं होऊन जाऊ दे पोरी. मले काय, मी जातो." वऱ्हाडात बायकाही 'जातो'च म्हणतात. पायात चपला घालून ती गेली आणि मी तिला जाऊ दिलं. एवढ्या चौकोनांचा अभ्यास केलेल्या, मोठ्या शहरात राहणाऱ्या, फेमिनिझमवर आर्टिकल्स लिहिणाऱ्या मी!

पोहे मावशीनेच करून ठेवले होते. मुलाच्या आईने दोनदा घेतले. मग विचारलं, "घरात कुणाला काही आजार वगैरे?" आई म्हणाली, "नाही हो." मी साडीचा पदर बघत बसले. त्या क्षणी कळलं, ६६ टक्के हेट हा शब्द मला का खटकला होता. आपल्याकडे स्थळ बघणारे हेच करतात. दिसणाऱ्या मुलीत न दिसणारं काहीतरी शोधतात. फक्त ब्रीडरकडे निदान गणित असतं.

चार दिवसांनी होकार आला. मुलगा चांगला होता, म्हणजे आहे. फोनवर दोन-तीनदा छान गप्पा झाल्या. तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं, की माझी एक मावशी आहे, तुम्ही आलात तेव्हा ती शेजारी बसली होती, आणि का बसली होती.

पलीकडे शांतता. मग, "हेरिडिटरी असतं का ते?"

"थोडं असू शकतं," मी म्हटलं. "किती, ते सांगता येत नाही. आणि मला झालं तरी मी मीच राहीन."

"घरी बोलून सांगतो," तो म्हणाला.

त्याला आता तीन महिने झाले. अजून घरी बोलतोय बहुतेक! आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिचंही चूक म्हणवत नाही. एका बहिणीचं मोडलेलं लग्न तिने डोळ्यांनी पाहिलंय.

एक्झॉटिक पेट्सची स्टोरी छापून आली. वहीतली ती ओळ शेवटी होतीच. मी अंक राजूरला पाठवला. मावशीने वाचला की नाही, माहीत नाही. पण परवा तिचा व्हॉट्सअॅपचा डीपी बदललेला दिसला. आधी गुलाबाचं फूल होतं. आता तो पाइड साप आहे, अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा.

मी लगेच फोन लावला. "मावशी, हे काय?"

"काऊन? चांगला नाई दिसत का मी?"